मांजरेचे पाणी आणि एका क्युसेकाचा हिशेब

मांजरा नदीशी आपल्या हैदराबादेतील मराठी कुटुंबांचे नाते दुहेरी आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे आजोबा-पणजोबा लातूर, उदगीर, निलंगा, भालकी, बिदर या भागांतून येथे आले. म्हणजे मांजरेच्या खोऱ्यातूनच आले. पुढे १९६५ मध्ये संगारेड्डीजवळच्या बंधाऱ्यातून शहरास पाणीपुरवठा सुरू झाला आणि त्यांच्या गावाकडची नदीही नळावाटे त्यांच्या दारी आली. बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात उगम पावून ही नदी धाराशिव व लातूर जिल्ह्यांच्या बाजूने आग्नेयेकडे वाहते, बिदर जिल्हा ओलांडते, तेलंगणात शिरते आणि तेथे मनात काही वेगळेच आल्याप्रमाणे उत्तरेकडे वळून निझामसागर गाठते. शेवटी कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळेपर्यंत तिचा सुमारे सव्वासातशे किलोमीटरांचा प्रवास झालेला असतो. महाराष्ट्रात व कर्नाटकात ती मांजरा, तेलुगू मुलखात मंजीरा. नाव थोडे बदलले तरी पाणी तेच. आणि पाणी तेच असल्यामुळे वरच्या अंगास त्याचा तुटवडा पडला की खालच्या अंगासही त्याची झळ लागल्यावाचून राहत नाही.

२०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने मराठवाड्याकडे पाठ फिरवली. २०१५ च्या पावसाळ्यात त्या विभागात सरासरीपेक्षा सुमारे चाळीस टक्के पाऊस कमी झाला. लातूर शहरास पाणी पुरविणारे धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. मार्च २०१६ मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती दंगेधोपे होऊ नयेत म्हणून तेथे त्या वेळच्या कायद्यातील १४४ वे कलम लावून जमावबंदी करावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचे पाणी आगगाडीने आणण्यास आरंभ झाला. राजस्थानातील कोटा येथील कार्यशाळेत वाफेने धुऊन काढलेल्या वाघिणींची ती गाडी सुमारे ३४० किलोमीटर चालून १२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे लातुरास पोहोचली. पहिल्या गाडीस दहा वाघिणी होत्या व त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. थोड्याच दिवसांत पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली आणि एका फेरीस पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. ‘जलदूत’ म्हणून ती गाडी देशभर गाजली.

इकडे हैदराबादेतही स्थिती बरी नव्हती. मांजरेवरील सिंगूर धरण आणि संगारेड्डीजवळचा बंधारा हे दोन्ही आटले होते. मुसी व इसी या नद्यांवरील उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जुने तलावही आटले होते. २००४ पासून कृष्णेचे पाणी शहरास मिळत होते आणि २०१५ च्या अखेरीस गोदावरीचे पाणी दूरवरून नळाने येऊ लागले होते, म्हणून आपल्यावर आगगाडीची वाट पाहण्याची पाळी आली नाही, इतकेच.

आता पंचवीस लाख लिटर म्हणजे किती पाणी, याचा विचार विद्यार्थ्यांनी करून पाहावा. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार होती. गाडीतील पाणी सर्वांना सारखे वाटले तर दर माणशी साडेसहा लिटर येते. अर्धी बादली! शहरात दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी मिळावे, असा आपल्याकडील नगरपाणीपुरवठ्याचा संकेत आहे. म्हणजे एवढा खटाटोप करून गरजेचा विसावा हिस्साही भागत नव्हता.

याच पाण्याकडे नदीच्या बाजूने पाहू. नदीच्या प्रवाहाचे माप आपल्याकडे अजूनही बहुधा ‘क्युसेक’ या परिमाणात सांगतात. एक फूट रुंद व एक फूट खोल अशी एक नाली आहे आणि तिच्यातील पाणी दर सेकंदास एक फूट पुढे सरकत आहे, अशी कल्पना करा. त्या नालीचा प्रवाह एक क्युसेक, म्हणजे दर सेकंदास एक घनफूट किंवा सुमारे २८.३ लिटर. दिवसाचे सेकंद ८६,४००. गुणाकार केला तर एक क्युसेकाची ती नाली चोवीस तासांत सुमारे साडेचोवीस लाख लिटर पाणी वाहून नेते. पन्नास वाघिणींच्या गाडीची एक फेरी म्हणजे एवढेच पाणी! ज्या गाडीची छायाचित्रे देशातील सर्व वर्तमानपत्रांत आली, तिचे काम दुसरी-तिसरीतील मूल सहज उडी मारून ओलांडील असा एक ओहोळ रात्रंदिवस वाहून मुकाट्याने करीत असतो. हा हिशेब मी प्रथम वर्गात फळ्यावर मांडला तेव्हा मुलांचा त्यावर विश्वास बसेना. त्यांनी तो घरी जाऊन पुन्हा केला. उत्तर अर्थातच तेच आले.

पावसाळ्यात नदीला हजारो क्युसेक पाणी असते, तेव्हा एका क्युसेकाची कोणी दखल घेत नाही. घेण्याचे कारणही नसते. दुष्काळात मात्र सगळा व्यवहार या एकेका क्युसेकाचा असतो. आणि अडचण अशी आहे की, नदीचा प्रवाह जितका लहान होत जातो तितका तो बिनचूक मोजणे कठीण होत जाते. ते कसे, हे समजण्यासाठी प्रवाह मोजतात कसा हे आधी पाहिले पाहिजे.

नदीच्या काठी किंवा पुलाच्या खांबावर आकडे रंगविलेली उभी पट्टी आपण पाहिली असेल. तिला मापपट्टी किंवा गेज म्हणतात. पाण्याची पातळी कोणत्या आकड्याशी आहे एवढेच ती सांगते; पाणी किती वाहत आहे हे तिला ठाऊक नसते. ते काढण्यास नदीचा आडवा छेद घेऊन त्याचे क्षेत्रफळ आणि पाण्याचा सरासरी वेग अशा दोन गोष्टी लागतात. क्षेत्रफळास वेगाने गुणले की विसर्ग, म्हणजे दर सेकंदास वाहणारे पाणी मिळते. क्षेत्रफळासाठी नदीच्या रुंदीचे अनेक भाग पाडून प्रत्येक ठिकाणची खोली मोजतात. वेगासाठी करंट मीटर नावाचे यंत्र पाण्यात सोडतात. त्यास छोट्या वाट्या किंवा पंखा बसविलेला असतो. तो प्रवाहाच्या जोराने फिरतो, आणि ठरावीक वेळात त्याचे किती फेरे झाले यावरून वेग काढतात. पाणी पृष्ठभागी वेगाने व तळाशी संथ वाहते. म्हणून उथळ पाण्यात यंत्र पृष्ठभागापासून खोलीच्या सहा-दशांश अंतरावर धरतात. तेथील वेग बहुतेक सरासरीइतका असतो, असा अनुभव आहे.

हे मोजमाप दररोज सर्वत्र करणे कष्टाचे आहे. म्हणून निरनिराळ्या पातळ्या असताना विसर्ग मोजून ठेवतात आणि पातळी व विसर्ग यांचा आलेख काढतात. असा आलेख एकदा हाती आला की पुढे रोज मापपट्टी वाचली तरी प्रवाह कळतो. मांजरेवर बिदर जिल्ह्यात सायगाव येथे केंद्रीय जल आयोगाचे असे एक मोजणी केंद्र आहे. आयोगाच्या केंद्रांवर सकाळी आठ वाजता पातळी नोंदविण्याची रीत आहे. पुराच्या दिवसांत ती तासातासाला घेतात. तीन राज्यांतून वाहणाऱ्या नदीवर अशा नोंदवहीची किंमत मोठी आहे. १९७५ साली कर्नाटक व आंध्र प्रदेश यांच्यात झालेल्या करारात सिंगूरच्या जलाशयातून हैदराबादच्या पिण्यासाठी ४ अब्ज घनफूट पाणी घेण्याचे ठरले होते. असे करार कागदावर होतात. परंतु नदीतून प्रत्यक्षात किती आले व किती अडविले गेले, याचा निवाडा त्या पट्टीवरील आकड्यांवाचून होऊ शकत नाही.

विद्यार्थ्यांना हे मोजमाप स्वतः करून पाहावयाचे असेल तर करंट मीटर लागत नाही. पावसाळा संपल्यावर गावाकडे जाल तेव्हा एखादा सरळ वाहणारा, गुडघ्याहून कमी खोलीचा ओढा निवडा व घरातील मोठ्या माणसास बरोबर घ्या. काठाने दहा मीटर अंतर मोजून दोन्ही टोकांस काठ्या रोवा. वरच्या काठीच्या थोडे अलीकडे एक संत्रे पाण्यात सोडा. संत्रे बरेचसे बुडून तरंगते, त्यामुळे वाऱ्याने भलतीकडे जात नाही. ते एका काठीपासून दुसऱ्या काठीपर्यंत जाण्यास किती सेकंद लागले ते पाहा. पाच-सहा वेळा करून सरासरी काढा. समजा, पंचवीस सेकंद लागले. तर पृष्ठभागाचा वेग सेकंदास ०.४० मीटर. सरासरी वेग याहून कमी असतो, म्हणून त्यास ०.८५ ने गुणावे, ०.३४ मीटर येतो. ओढ्याची रुंदी १.२० मीटर व सरासरी खोली १५ सेंटिमीटर असेल तर छेदाचे क्षेत्रफळ ०.१८ चौरस मीटर झाले. ०.१८ गुणिले ०.३४ म्हणजे सुमारे ०.०६१ घनमीटर, अर्थात सेकंदास ६१ लिटर, दोन क्युसेकांहून किंचित अधिक. दिवसाकाठी त्रेपन्न लाख लिटर होतात. जलदूताच्या दोन फेऱ्या आपल्या ओढ्यातून रोज जात असतात!

पाणी याहूनही कमी झाले तर संत्रे अडकून बसते. तेव्हा प्रवाह एखाद्या खडकावरून बादलीत पडेल असे करावे आणि बादली भरण्यास लागणारा वेळ मोजावा. पंधरा लिटरांची बादली दहा सेकंदांत भरली तर प्रवाह सेकंदास दीड लिटर आहे. ही धार करंगळीएवढी वाटते, पण दिवसाला ती सुमारे १ लाख ३० हजार लिटर देते. १३५ लिटरांच्या संकेताने साडेनऊशे माणसांचा दिवस तीवर निघू शकेल.

ओढ्यावर हे साधते, परंतु मोठ्या नदीस बादली लावता येत नाही. आणि आता मघाच्या अडचणीकडे वळू. मांजरेचे पात्र कित्येक ठिकाणी रुंद आहे. उन्हाळ्याच्या तोंडी एवढ्या पात्रातून एक अरुंद धार कधी या काठाने, कधी त्या काठाने वाहते. मापपट्टी डाव्या काठास असेल आणि धार उजवीकडे गेली, तर पट्टी कोरडी आणि नदी वाहती अशी स्थिती होते. याच्या उलटही होते, आणि ते अधिक फसवे आहे. पट्टीपाशी डोह असेल तर प्रवाह पूर्ण थांबल्यावरही पट्टी दोन-तीन फूट पाणी दाखवीत राहते. वाचणारा इमानाने आकडा लिहितो, वरच्या कचेरीत आलेखावरून विसर्ग काढला जातो, आणि कागदावर नदी वाहत राहते. म्हणून कोणत्या पातळीस प्रवाह शून्य होतो, हे प्रत्येक पट्टीपाशी मुद्दाम शोधून लिहून ठेवावे लागते. त्यातच एका पुराने वाळू हलली की तो आकडाही बदलतो. करंट मीटरचेही तसेच: अगदी संथ पाण्यात वाट्या फिरण्यापुरतासुद्धा जोर नसतो. शिवाय रुंद पात्रात पातळी एका सेंटिमीटराने बदलली तर पट्टीवर ती जेमतेम दिसते, परंतु तेवढ्यात कैक क्युसेकांचा फरक पडलेला असतो.

यावर एक सुंदर उपाय आहे. लहान प्रवाहाच्या वाटेत आडवी फळी किंवा भिंत घालून तिच्या मधोमध इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची काटकोनी खाच ठेवतात. सर्व पाण्यास त्या खाचेतूनच जावे लागते. खाच खाली निमुळती असल्यामुळे पाणी थोडे असले तरी त्याची उंची स्पष्ट दिसते. खाचेच्या टोकापासून पाणी १० सेंटिमीटर उंच असेल तर प्रवाह सेकंदास सुमारे ४.४ लिटर असतो. २० सेंटिमीटर असेल तर सुमारे २५ लिटर. उंची दुप्पट झाली आणि पाणी साडेपाच पटींहून अधिक झाले, हे ध्यानात घ्या. प्रवाह उंचीच्या अडीचाव्या घाताच्या प्रमाणात वाढतो, असा नियम आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी हे पडताळून पाहावे. आता रडारने पातळी वाचणारी व उपग्रहामार्फत आकडे धाडणारी यंत्रेही नद्यांवर बसविली जातात. त्यांनी पायपीट वाचली, तरी डोहाची फसवणूक यंत्रासही कळत नाही. कोणी तरी पाण्यात उतरून मोजावेच लागते.

एकंदरीत मनुष्यस्वभावच असा आहे की पूर लक्षात राहतो आणि आटलेले पाणी विसरले जाते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला आलेला महापूर आपले शहर अद्याप विसरलेले नाही. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारातील जुने चिंचेचे झाड दाखवून त्यावर चढून दीडशे माणसे वाचली, असे वडील माणसे सांगतात. त्या पुरानंतरच विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले आणि उस्मानसागर व हिमायतसागर उभे राहिले. पण नदी आटून किती खाली गेली होती, याची खूण आपल्याकडील घाटांवर क्वचितच आढळते. मध्य युरोपातील एल्बे नदीच्या काठच्या लोकांनी मात्र ती आवर्जून ठेवली. चेक देशातील देचिन गावी नदीच्या पात्रात एक मोठा दगड आहे. एरवी तो पाण्याखाली असतो. अवर्षणाच्या वर्षी पाणी उतरले की तो उघडा पडतो, आणि त्या त्या पिढीने त्यावर ते साल कोरून ठेवले आहे. वाचता येणारे सर्वांत जुने साल १६१६ आहे. मी दृष्टीस पडलो म्हणजे तुमच्यावर रडण्याचा प्रसंग आला, अशा अर्थाचे शब्दही त्यावर कोरलेले आहेत. तेथील लोक अशा दगडांना भुकेचे दगड म्हणतात. २०१८ साली तो पुन्हा उघडा पडला होता. चारशे वर्षांच्या दुष्काळांची एवढी स्वस्त व टिकाऊ नोंदवही दुसरी नसेल.

आता पुरात आणि दुष्काळात एक मोठा भेद आहे, आणि तो दुष्काळाच्या बाजूने आहे. पूर काही तासांची सूचना देतो. दुष्काळ काही महिन्यांची देतो. पाऊस थांबल्यावर नदीत जे पाणी वाहते ते जमिनीत मुरलेले पाणी हळूहळू झिरपून आलेले असते. हा साठा जसजसा रिता होतो तसतसा प्रवाह बहुधा ठरावीक पटीने उतरत जातो. उदाहरणादाखल असे समजा की ऑक्टोबरअखेर एका नदीचा प्रवाह सेकंदास ६,००० लिटर आहे आणि नोव्हेंबरअखेर तो ३,००० झाला. दर महिन्यास तो असाच निम्मा होत गेला तर एप्रिलअखेर सुमारे ९४ लिटर राहील, म्हणजे जेमतेम सव्वातीन क्युसेक. हे भाकीत करण्यास ज्योतिषी लागत नाही; ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची दोन बिनचूक मापे लागतात. मराठवाड्याची भूमी काळ्या खडकाची, बसाल्टची आहे; त्यात पाणी साठण्यास वरचा कुजका थर आणि भेगा एवढीच जागा, म्हणून तेथे प्रवाह फार लवकर उतरतो. शिवाय नदीकाठच्या विहिरींवर पंप बसतात, ऊस पाणी मागतो, आणि जे पाणी झिरपून नदीत यावयाचे ते वाटेतच उपसले जाते. तेव्हा आलेखातील रेषा अपेक्षेपेक्षा वेगाने खाली जाऊ लागली तर तीही एक बातमीच समजावी.

नदी थांबली की उरतो तो धरणातील साठा. त्याच्या मोजणीतही चकवे आहेत. धरणाच्या सर्वांत खालच्या दारापेक्षा खाली जे पाणी राहते तो मृतसाठा. तो नेहमीच्या वाटेने बाहेर काढता येत नाही, चर खणून आणि पंप लावून उपसावा लागतो. त्यामुळे धरणात पाणी दिसते, पण नळाला येत नाही. दुसरा चकवा गाळाचा. पातळीवरून साठा सांगणारा तक्ता धरण बांधताना तयार करतात. पण तळाशी गाळ बसत गेला की त्याच पातळीला पाणी कमी असते. याच मांजरेवर १९३१ साली पुरा झालेला निझामसागर याचे ठळक उदाहरण आहे. काही दशकांत गाळाने त्याचा साठा निम्म्याहून खाली आणला आणि पुढे पाण्याची पातळी वाढवून त्याची थोडी भरपाई करावी लागली.

तिसरी गोष्ट उन्हाची. एक चौरस किलोमीटर पाण्यावरून एक सेंटिमीटर पाणी वाफ होऊन उडाले तर ते एक कोटी लिटर होते. दख्खनच्या उन्हाळ्यात एका दिवसात सेंटिमीटरभर पाणी उडणे ही नवलाची गोष्ट नव्हे. जलदूताच्या चार फेऱ्यांचे पाणी रोज, तेही एकाच चौरस किलोमीटरावरून!

या सर्वांचा मेळ घालून एका काल्पनिक तलावाचा हिशेब करू. १५ ऑक्टोबरला तलावात वापरण्याजोगे २ कोटी घनमीटर पाणी आहे. शहर रोज ५० हजार घनमीटर घेते. साधा भागाकार केला तर पाणी ४०० दिवस पुरेल, म्हणजे पुढचा पावसाळा ओलांडून जाईल, असे वाटते आणि सर्वजण निश्चिंत होतात. परंतु तलावाचे पाणी दहा चौरस किलोमीटर पसरलेले आहे आणि त्यावरून रोज सरासरी अर्धा सेंटिमीटर उडते. म्हणजे आणखी ५० हजार घनमीटर. खरा भागाकार २०० दिवसांचा आहे आणि पाणी मे महिन्याच्या आरंभी संपणार आहे. तलाव आटत जाईल तसे त्याचे पसरटपण कमी होते, त्यामुळे उडणारे पाणी घटते. उलट उन्हाळ्यात ऊन वाढते. हे दोन्ही धरून खरा हिशेब दर आठवड्यास पुन्हा करावा लागतो.

आता शहराने आपला वापर एक-पंचमांशाने कमी केला, असे धरू. हे १५ ऑक्टोबरपासूनच केले तर रोजची घट १ लाखाऐवजी ९० हजार घनमीटर होते आणि पाणी २२२ दिवस, म्हणजे २५ मेच्या सुमारापर्यंत पुरते. बावीस दिवस मिळाले. तेच १ मार्चला सुरू केले तर तोपर्यंत १ कोटी ३७ लाख घनमीटर खर्च झालेले असते. उरलेले ६३ लाख ६३ दिवसांऐवजी ७० दिवस पुरते. मिळाले अवघे सात दिवस. कपात तेवढीच, गैरसोय तेवढीच, पण फळ तिसरा हिस्सासुद्धा नाही. नळ एक दिवसाआड सोडण्याची सूचना हिवाळ्यातच निघाली म्हणजे लोक कुरकुरतात, आणि ते स्वाभाविकही आहे; त्या वेळी तलावात पाणी दिसत असते. अशा वेळी अधिकाऱ्याने आकडे वर्तमानपत्रांत नियमाने प्रसिद्ध केले तर लोकांना कारण कळते, असे माझे मत आहे. नुसते ‘पाणी जपून वापरा’ असे फलक लावून ते कळत नाही.

२०१६ च्या सप्टेंबरअखेरीस खोऱ्यात मुसळधार पाऊस झाला. एप्रिलमध्ये ज्या लातुरास आगगाडीने पाणी नेले, त्याच भागात नद्यांना पूर आले. मांजरा धरण भरले आणि खाली सिंगूरही भरले. सिंगूरमध्ये पूर्ण भरल्यावर सुमारे ३० अब्ज घनफूट पाणी मावते. करारातील वर्षाचे ४ अब्ज घनफूट धरून कोणी भागाकार केला तर ते सात वर्षे पुरेल, असे उत्तर येईल. हे उत्तर कोठे चुकते, हे वरील हिशेब ज्यांनी लक्षपूर्वक वाचला त्यांना सांगावयास नको. ऊन, गाळ, मृतसाठा, शेतीचे कालवे आणि खाली निझामसागराकडे सोडावे लागणारे पाणी, यांतील प्रत्येकाचा आकडा वजाबाकीत घ्यावा लागेल.

ज्या विद्यार्थ्यांना आवड असेल त्यांनी एका वहीत तारीख, वेळ, ओढ्याची रुंदी, तीन ठिकाणची खोली, संत्र्यास लागलेले सेकंद आणि काढलेला प्रवाह असे रकाने आखावेत. दिवाळीची सुटी, नाताळची सुटी आणि उन्हाळ्याची सुटी अशा तीन वेळा एकाच जागी माप घेतले तरी पुरे. ओढा कोरडा आढळला तर रकाना रिकामा न ठेवता शून्य लिहावे. तो आकडाही इतर आकड्यांइतकाच उपयोगाचा आहे. लातूर, बिदर, भालकी, निझामाबाद अशा निरनिराळ्या गावांच्या वह्या एकत्र झाल्या तर मांजरेच्या खोऱ्यातील ओढ्यांचा एक छोटा तक्ता पुढील वर्षीच्या अंकात छापता येईल.